दिरेब्याला येणारी पलटण

जोतिबा मरगळे फौजेतून हवालदार होऊन परतला तेव्हा कोळवण खोऱ्यातल्या लोकांनी त्याचं पुढचं आयुष्य परस्पर ठरवून टाकलं होतं. हा आता पौडला प्लॉट घेणार, जीप घेणार आणि मिशांना पीळ देत ग्रामपंचायतीला उभा राहणार. माजी सैनिकाकडून गावाच्या अशा साध्यासुध्या अपेक्षा असतात. जोतिबाने त्यातली एकही पुरी केली नाही. तो सरळ वर धनगरवाड्यावर गेला, थकलेल्या बापाच्या हातून काठी घेतली आणि मेंढरांमागे चालू लागला. लोक थोडे दिवस हळहळले आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याची आखणी करायला लागले.

जोडीला त्याने एक काम धरलं. खाली ओढ्याच्या काठाला मनीष नावाच्या एका कंपनीवाल्या साहेबाचं फार्महाऊस होतं. साहेब मूळचा लातूरकडचा, राहायला भुकूमला, नोकरीला हिंजवडीत. शनिवारी यायचा, रविवारी जायचा आणि मधल्या दिवसांत फार्महाऊसची राखण जोतिबाकडे असायची. फौजेत हवालदारी केलेल्या माणसाने दुसऱ्याच्या लॉनला पाणी घालावं, हे भावकीला पटलं नाही. जोतिबाने कुणाला खुलासा दिला नाही. खरं कारण त्याच्या बायकोला, बानूबाईला, तेवढं ठाऊक होतं. वाड्यावर फोनला रेंज नव्हती आणि फार्महाऊसच्या ओसरीवर वायफाय होतं. तिथे बसून फोन उघडला की फार लांबून एक माणूस त्याच्याशी बोलायचा.

त्या माणसाचं नाव यागूब. नोकरीतलं एक वर्ष जोतिबाने आफ्रिकेतल्या एका देशात निळी टोपी घालून काढलं होतं. निरनिराळ्या देशांच्या फौजा मिळून तिथे शांतता राखत होत्या, म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन बाजूंच्या मधोमध उभ्या होत्या. दिरेबा नावाच्या गावाबाहेर जोतिबाच्या पलटणीचा तळ होता. यागूब तिथला शाळामास्तर. शाळा बंद पडली म्हणून तो पलटणीचा दुभाषा झाला. जवानांच्यात राहून हिंदी शिकला, हिंदीच्या आधी शिव्या शिकला आणि सगळे म्हणतात म्हणून तोही जोतिबाला ‘उस्ताद’ म्हणू लागला.

एके दिवशी तळाच्या तारेपलीकडे यागूबच्या आईची शेळी अडली. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती शेळीच्या पोटावर हात ठेवून रडत बसली होती. जोतिबाने सुभेदारसाहेबांची परवानगी काढली, बाह्या सरसावल्या आणि करडू बाहेर काढलं. जन्मभर हेच तर पाहिलेलं. म्हातारीने त्याचा सगळा चेहरा हातांनी चाचपला आणि यागूबला काहीतरी विचारलं. यागूब हसत म्हणाला, “उस्ताद, अम्मा पूछती है, तुम्हारे मुल्क में फौजी को ये भी सिखाते हैं?” त्या दिवसापासून ते घर जोतिबाचं झालं. सुट्टी मिळाली की तो तिथे जाऊन बसायचा. यागूबची बायको त्याला ज्वारीची आंबूस भाकरी वाढायची, मुलं त्याच्या खांद्यावर चढायची. घरची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा तेव्हा जोतिबाला त्या अंगणातल्या लेंड्यांच्या वासानेसुद्धा बरं वाटायचं.

वर्ष संपलं, पलटण परतली. पुढे तिथल्या सरकारला या निळ्या टोप्या नकोशा झाल्या, मोहिमेची मुदत कुणी वाढवली नाही आणि उरलेल्या फौजाही गेल्या. तळाचे पत्रे लोकांनी काढून नेले. यागूब मात्र फोनवर टिकून राहिला. आज अम्माने कशावरून कटकट केली, किती पिल्लं झाली, थोरली मुलगी कशी वाचायला शिकली, असलं काहीबाही तो बोलून पाठवायचा. जोतिबा आपल्या मेंढरांचे फोटो पाठवायचा. जगातल्या कुठल्याही राजदूताने दोन देशांत एवढे चांगले संबंध ठेवले नसतील.

यंदा खोऱ्यात भात पोटरीला आलं तेव्हा यागूबचा आवाज बदलला. बंदूकवाल्यांच्या टोळ्या दिरेब्याच्या भोवती जमल्या होत्या. एका अंगाची गावं जळाली होती. दिरेब्यात आजूबाजूचे लोक येऊन दाटले होते, विहिरीवर रांगा लागत होत्या. जोतिबा ओसरीवर बसून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐके. बोलण्याच्या मागे कुठेतरी धडधड ऐकू येई. ती कशाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दर शनिवारी मनीष आला की जोतिबा त्याच्यापुढे जाऊन उभा राही. “साहेब, दिरेब्याचं काय म्हनत्यात बगा की.” मनीष बिचारा भला माणूस. फोनवर शोधून, इंग्रजी वाचून, मराठीत सांगे. जगातल्या देशांची जी मोठी परिषद आहे तिच्यापुढे एक ठराव आला होता. सगळ्या देशांच्या फौजांची मिळून एक नवी मोहीम तिथे पाठवायची, लोकांना वाचवायचं. चर्चा चालू होती. एका देशाला एक शब्द खटकत होता, दुसऱ्याला तो शब्द काढलेला खटकत होता. इकडे माणसं विहिरीत उतरून लपत होती आणि तिकडे थंडगार खोलीत बसून शब्द निवडत होते. जोतिबाला राग येई, पण तो राग कुणावर काढायचा हे त्याला कळत नसे. मग तो उगाच कुत्र्यावर खेकसे.

भात कापून झालं आणि यागूबचा तो निरोप आला. एक व्यापारी आपला ट्रक घेऊन सरहद्दीकडे निघणार होता. माल नाही, माणसं भरून. मोठा ट्रक, त्यांच्या मोहल्ल्यातली बरीच माणसं मावली असती. त्यानंतर तो रस्ताही बंद होणार होता. पण आधीच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर एक गाडी लुटली गेली होती, बायका ओढून नेल्या होत्या. “उस्ताद, अम्मा को दिखता नहीं, बच्चे छोटे हैं. सुना है फौज आनेवाली है. आप फौजी हो, आप को मालूम होगा. हम जाएँ कि रुकें? आप जो बोलोगे, वो करूँगा.”

जोतिबाने तो निरोप बानूबाईलाही ऐकवला. तिला हिंदी बेताचंच कळे, पण माणसाच्या आवाजातली अजीजी कळायला हिंदी लागत नाही. ती म्हणाली, “लई मोटं वझं टाकलं की वं तुमच्यावर.”

“साहेब उंद्या येनार हाय. बगू काय म्हनतोय.”

दुसऱ्या दिवशी मनीष गाडीतून उतरला तोच फोन नाचवत. “काका, झालं! ठराव पास! एकानेही विरोध केला नाही, सगळ्यांनी हात वर केले. जॉइंट मिशन ऑथोराइज केलंय.”

“म्हंजे पलटण जानार?”

“जाणारच ना, काका. ऑथोराइज केलं म्हणजे दुसरं काय? हे बघा, विदाउट डिले असं लिहिलंय. ताबडतोब.”

जोतिबा पायरीवर बसला आणि रडू लागला. मनीषला काय करावं सुचेना, तो आत जाऊन पाणी घेऊन आला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जोतिबा बावळट ठरेल आणि तो बावळट नव्हता. या खोऱ्यात भात निघालं की खाचरं मोकळी होतात आणि शेतकऱ्याला त्यात मेंढरं बसवून हवी असतात. रात्री कळप बसला की लेंडीखताने जमीन कसदार होते. शेतकरी वाटेत धनगराला गाठतो, विचारतो, “आमच्यात कवा बसवतुयास?” धनगर दिवस सांगतो. एवढंच. त्याला कागद नाही की साक्षीदार नाही. त्या शब्दावर शेतकरी खाचर राखून ठेवतो, दुसरा कळप दारात आला तरी परतवून लावतो, हरभरा पेरायचा थांबतो. आणि धनगर येतो. घरात मयत झाली तरी भावाला पाठवतो, पण मेंढरं येतात. जोतिबाच्या बापाने असा शब्द कधी मोडला नव्हता, आज्याने मोडला नव्हता. दिलेला शब्द म्हणजे अर्ध्या वाटेवर आलेला कळप, याच हिशोबाने ही माणसं जगत आली. इथे तर साऱ्या जगाने हात वर करून शब्द दिला होता.

तरी मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी टोचत होतं. त्याची स्वतःची पलटण निघाली होती तेव्हा किती महिने नुसती तयारी चालली होती, सुया टोचणं, सामान जहाजाने आधी पाठवणं. पण ते वेगळं, त्याने स्वतःला समजावलं. तेव्हा घाई नव्हती. आता माणसं मरतायत. आता कोण वाट बघत बसेल?

बानूबाई ओसरीवर आली होती. तिने विचारलं, “कुनाची पलटण जानार हाय?”

“समद्यांची मिळून.”

“समद्यांची म्हंजे कुनाची?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” जोतिबा चिडून म्हणाला.

मग त्याने फोन तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात, परेडवर द्यावी तशी आज्ञा दिली. “यागूब, मत निकलो. रुक जाओ. फौज मंजूर हो गया है. फौज आ रही है.”

पुढचे काही दिवस जोतिबाच्या आयुष्यातले शेवटचे सुखाचे दिवस म्हणायला हवेत. यागूबचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. दिरेब्याच्या लोकांनी जुन्या तळावरची ती हेलिकॉप्टर उतरायची जागा साफ करायला घेतली होती. काटेरी झुडपं उपटली, दगड वेचले, बायकांनी कुठून तरी चुना आणून मधोमध मोठं इंग्रजी अक्षर काढलं. यागूबने फोटो पाठवला. त्या पांढऱ्या अक्षरावर त्याची दोन मुलं हात पसरून उभी होती. जोतिबाने तो फोटो बानूबाईला दाखवला, मनीषला दाखवला, एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी म्हातारीलाही दाखवला.

पुढच्या शनिवारी त्याने मनीषला विचारलं, “कुटवर पोचली?”

“कोण?”

“पलटण.”

मनीषने वाचायला घेतलं आणि त्याचा चेहरा पडत गेला. परिषदेने एक समिती नेमली होती. समितीने देशांना विचारणा केली होती की कोण किती जवान देणार. अजून कुणी दिले नव्हते. खर्च कुणी उचलायचा यावर वाद होता, आणि त्या देशाच्या सरकारची संमती यायची होती.

“पर मंजूर झालं न्हवं?” जोतिबा म्हणाला.

“मंजूर झालं, काका. पण परिषदेची स्वतःची आर्मी नसते ना. ते फक्त परवानगी देतात. मग देशांनी आपापले सोल्जर द्यायचे. दिले तर.” आणि मग अपराध्यासारखं, “मला तरी कुठे माहीत होतं? मी पण आत्ताच वाचतोय.”

जोतिबाला बायकोचा प्रश्न आठवला. ज्यांनी शब्द दिला त्यांच्या दारात मेंढरूच नव्हतं. नुसता हात वर करून ते आपापल्या घरी जेवायला गेले होते. असंही कुणी करत असेल, हे त्या धनगराच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने मनीषला दोष दिला नाही. पायरीवर बसून त्याने यागूबला निरोप धाडला, आणि या वेळी आवाज खणखणीत निघाला नाही. “यागूब, फौज को देर लगेगा. बहुत देर. तुम लोग निकल जाओ. कैसे भी निकल जाओ.”

उत्तर लगेच आलं. “अब कैसे, उस्ताद? ट्रक तो उसी दिन गया. रास्ता बंद है. कोई बात नहीं. देर लगेगी, लेकिन आएगी ना?”

खरं सांगावं तर माणसाचा धीर खचणार, आणि पळायला वाट तर नाहीच. तो बोलला, “हाँ. आएगी.” हे दुसरं वाक्य तो समजून उमजून बोलला होता. पहिल्यासाठी त्याने स्वतःला कधीतरी माफ केलंही असतं.

त्यानंतर यागूबचा आवाज आला नाही. जोतिबाने पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण दिसे, म्हणजे तो पोचलाच नाही. तरी तो पाठवत राहिला. कधी ‘कैसे हो’, कधी नुसतं नाव. मनीषला एका परदेशी वर्तमानपत्रात तीन ओळी सापडल्या. दिरेबा पडलं होतं. किती माणसं मेली ते कळायला मार्ग नाही, असं लिहिलं होतं. त्याच पानावर परिषदेने तीव्र चिंता व्यक्त केल्याची बातमी याहून मोठी होती. मनीषने ती वाचून दाखवली नाही, पण जोतिबाला फोटोतली खुर्च्यांवर बसलेली माणसं दिसली.

जोतिबाचं अन्नावरून मन उडालं. मेंढरं कुठे गेली याचं भान राहीना. बानूबाईच काठी घेऊन जाऊ लागली. खालच्या आळीचे भिवाजीआबा खाचरात कळप बसवायला विचारायला आले, तर हा म्हणाला, “मला इचारू नगा.” म्हातारा बुचकळ्यात पडून निघून गेला. बानूबाई समजूत घालायची, “तुमी का बंदुका डागल्या? तुमाला जे कळालं ते सांगितलंसा.” हे सगळं खरं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य होता. रस्त्यावर तरी ती माणसं जगलीच असती असं कुठे आहे, असंही तो मनाला सांगून बघे. मन ऐकत नसे. जायचं की राहायचं हे ज्याचं त्याला ठरवू दिलं असतं तर? माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण यागूबने ‘आप फौजी हो’ म्हटल्यावर त्याची छाती फुगली होती, हेही खरं.

हरभरा फुलावर आला असताना एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन वाजला. जोतिबा ओसरी झाडत होता, बानूबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. पलीकडून खरखर, मग आवाज.

“उस्ताद.”

जोतिबाने केरसुणी टाकून दिली. “यागूब? यागूब, कुठं हायेस?” घाईत तो मराठीतच बोलला. मग सावरून विचारलं, “सब लोग? अम्मा?”

यागूब सरहद्दीपलीकडच्या छावणीत होता. फोन दुसऱ्या कुणाचा होता, फार बोलता येणार नव्हतं. तो रडत नव्हता. शाळेत हजेरी घ्यावी तसा एकेक नाव घेऊन सांगत होता. अम्मा नाही. बायको नाही. धाकटी दोन नाहीत. थोरली मुलगी जिवंत आहे, पण बोलत नाही.

“मेरे वजह से हुआ,” जोतिबा म्हणाला. “मैंने बोला था रुको. मैंने झूठ भी बोला, यागूब. दुसरी बार झूठ बोला. मुझे मालूम था.”

जोतिबाला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं. शिव्या तर पलटणीतल्या जवानांनीच त्याला शिकवल्या होत्या.

“नहीं उस्ताद,” यागूब म्हणाला. तो अजूनही समजूतच घालत होता. “आप अकेले नहीं. आपने सिर्फ मुझको बोला. मैंने आपकी आवाज मस्जिद के भोंगे पर लगाई. सबको सुनाई. सब खुश हो गए, लोग ट्रक से उतर गए. वो ट्रक खाली गया, उस्ताद. वो ट्रक सरहद तक पहुँच गया.”

मग फोन कट झाला. जोतिबाने त्या नंबरवर परत लावला, पण कुणी उचलला नाही.

बानूबाई सूप बाजूला ठेवून उठली. तिने त्याचा दंड धरला. “काय म्हनला? हायेत का समदी?”

जोतिबाने खाली पडलेली केरसुणी उचलून भिंतीला लावली.

“समदं गाव गाडीतनं उतरलं,” तो म्हणाला. “माजा आवाज ऐकून.”